बेंगळुरूचा उन्हाळा : सात दिवसांच्या हवामान अंदाजात नेमके काय दडलेले असते?

एप्रिल महिन्याच्या उत्तरार्धापासून मे अखेरपर्यंत बेंगळुरू शहरासाठी प्रसृत होणारा सात दिवसांचा हवामान अंदाज पाहिला, तर त्यातील मजकूर दररोज जवळजवळ सारखाच आढळतो. कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास, किमान तापमान २२ ते २३ अंश, आकाश अंशतः ढगाळ आणि सायंकाळी अथवा रात्री मेघगर्जनेसह पावसाची शक्यता. सलग सात ओळी आणि सातही ओळी बहुतांशी एकसारख्या. प्रत्यक्षात मात्र त्या सात दिवसांतील काही दिवस शहर नुसतेच तापत राहते, एखाद्या सायंकाळी दक्षिणेकडील जयनगर परिसरात जोरदार सर कोसळत असताना उत्तरेकडील येलहंका भागात जमीनही ओली होत नाही, तर एखाद्या दिवशी तासाभराच्या पावसाने रस्त्यांच्या नद्या होतात आणि माणसे प्राणाला मुकतात.

अंदाज चुकला, अशी प्रतिक्रिया अशा वेळी सर्रास व्यक्त होते. परंतु या ओळी कशा तयार होतात, त्यातील शब्दांना कोणता नेमका अर्थ असतो आणि दख्खनच्या पठारावरील उन्हाळी पाऊस मुळात कसा पडतो, हे समजून घेतल्यास त्याच ओळी अधिक उपयुक्त ठरू शकतात. नोकरी आणि शिक्षणानिमित्त महाराष्ट्रातून बेंगळुरूत गेलेल्या कुटुंबांची संख्या मोठी असल्याने हा विषय मराठी वाचकांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

उंचीचे वरदान

बेंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. वातावरणात वर जावे तसे दर किलोमीटरमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी कमी होत जाते. त्यामुळे जवळपास त्याच अक्षांशावर, पण समुद्रकिनारी असलेल्या चेन्नईच्या तुलनेत बेंगळुरूची हवा सौम्य राहते. १८०९ मध्ये ब्रिटिशांनी येथे लष्करी छावणी वसविली. पुढे सेवानिवृत्तांचे शहर अशी या गावाची ख्याती झाली, त्यामागेही हीच सौम्य हवा होती. छताला पंखा नसलेली घरे येथे एकेकाळी सर्रास आढळत असत.

बेंगळुरूत एप्रिल हा वर्षातील सर्वांत उष्ण महिना असतो आणि त्या महिन्याचे सरासरी कमाल तापमान सुमारे ३४ अंश असते. विदर्भात मे महिना अधिक तापतो, तर बेंगळुरूत एप्रिल, यामागे एक खगोलीय कारण आहे. सूर्याच्या उत्तरायणात तो बेंगळुरूच्या बरोबर डोक्यावर येतो तो दिवस २४ एप्रिलच्या सुमाराचा. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात हा शून्य सावलीचा दिवस मे महिन्याच्या मध्यास, तर नागपुरात मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात येतो. बेंगळुरूत मे महिना उजाडेपर्यंत पूर्वमोसमी ढगांची ये-जा वाढलेली असते आणि सरींमुळे पारा खाली येऊ लागतो.

शहराच्या वेधशाळेतील आजवरच्या नोंदींमध्ये सर्वाधिक तापमान ३९.२ अंश सेल्सिअस इतके असून, ते २४ एप्रिल २०१६ रोजी नोंदले गेले. नागपूर किंवा चंद्रपूरच्या रहिवाशांना हा आकडा किरकोळ वाटेल. तथापि उन्हाळ्याची झळ केवळ पाऱ्यावरून ठरत नाही. घरांची बांधणी, कामाच्या वेळा, पाण्याची उपलब्धता आणि शरीराला असलेली सवय यांवरही ती अवलंबून असते.

एप्रिल २०२४ : पावसाविना गेलेला महिना

याचा प्रत्यय २०२४ च्या उन्हाळ्यात आला. २८ एप्रिल २०२४ रोजी शहरात ३८.५ अंश तापमानाची नोंद झाली. त्या संपूर्ण एप्रिल महिन्यात शहराच्या वेधशाळेत पावसाची मोजण्याजोगी नोंद झाली नाही. १९८३ नंतर प्रथमच बेंगळुरूचा एप्रिल असा कोरडा गेला.

त्याआधीच्या वर्षी, २०२३ मध्ये, प्रशांत महासागरातील एल निनो स्थिती सक्रिय होती आणि नैर्ऋत्य मोसमी पाऊस कर्नाटकात अपुरा झाला होता. राज्यातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर करण्यात आले होते. उन्हाळा सुरू होताच बेंगळुरूतील हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या. मोटारी धुणे, बागकाम, कारंजी अशा कामांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने बंदी घातली आणि उल्लंघन करणाऱ्यांना ५ हजार रुपयांचा दंड जाहीर केला. टँकरच्या दरांवर प्रशासनाला नियंत्रण आणावे लागले.

बेंगळुरूला कावेरी नदीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळपास ५०० मीटर उंची चढवून आणावे लागते. हा पुरवठा त्या वेळी प्रतिदिन सुमारे १४५ कोटी लिटर होता. कावेरी योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्यान्वित झाला आणि त्यातून आणखी ७७.५ कोटी लिटर पाण्याची क्षमता निर्माण झाली. मात्र २०२४ च्या त्या एप्रिलमध्ये बेंगळुरूकरांचे डोळे आकाशाकडेच लागले होते.

एवढे होऊनही नियमांच्या भाषेत ती उष्णतेची लाट ठरतेच असे नाही. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार, मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांपर्यंत पोहोचले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक असले, तर उष्णतेची लाट जाहीर केली जाते. किनारपट्टीसाठी ही किमान मर्यादा ३७ अंश, तर डोंगराळ प्रदेशासाठी ३० अंश आहे. शहराच्या वेधशाळेत पाऱ्याने आजवर चाळिशी गाठलेली नाही. त्यामुळे ‘लाट नाही’ असे वाचून त्रास होणार नाही असा निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही. इमारतींच्या बांधकामावरील मजूर, रस्त्यावरील विक्रेते, वाहतूक पोलीस आणि दुचाकीवरून घरोघरी वस्तू पोहोचविणारे कर्मचारी यांना ३७ अंशांच्या उन्हातही धोका असतो.

अखेर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पावसाने हजेरी लावली. पुढे २ जून २०२४ रोजी एकाच दिवशी १११.१ मिलिमीटर पाऊस झाला आणि जून महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा १८९१ सालचा १०१.६ मिलिमीटरचा विक्रम मोडला गेला. थेंबासाठी आसुसलेले शहर पाच आठवड्यांत पाण्याखाली आले.

ढग कसा उभा राहतो

महाराष्ट्रात ज्याला वळीव किंवा वळवाचा पाऊस म्हणतात, तोच हा पाऊस. त्यासाठी जमिनीलगतची तप्त हवा, पुरेसे बाष्प आणि हवेला वर ढकलणारी एखादी यंत्रणा, अशा तीन गोष्टी जुळून याव्या लागतात.

पहिली गोष्ट सूर्य पुरवितो. दुपारपर्यंत पठाराचा खडक आणि शहरातील काँक्रीट तापते व त्यालगतची हवा हलकी होऊन वर जाऊ लागते. दुसरी गोष्ट समुद्राकडून येते. बेंगळुरू द्वीपकल्पाच्या जवळपास मध्यभागी आहे. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर हे दोन्ही तेथून सुमारे ३०० किलोमीटरवर आहेत. त्यामुळे पश्चिमेकडून आणि पूर्वेकडून, अशा दोन्ही बाजूंनी बाष्पयुक्त वारे पठारावर पोहोचू शकतात.

तिसरी गोष्ट हवामानवृत्तात वारंवार ऐकू येणारी द्रोणीय रेषा. उन्हाळ्यात विदर्भ किंवा मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्गत भागातून तमिळनाडूपर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा अनेकदा तयार होतो. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचे वारे वेगवेगळ्या दिशांचे असतात. ते जेथे एकमेकांस भिडतात, तेथे हवेला वर जाण्यावाचून मार्ग उरत नाही. लातूर, सोलापूर आणि बेंगळुरू येथे एकाच आठवड्यात वादळी पावसाचे इशारे दिले जातात, त्यामागे अनेकदा हाच एक पट्टा असतो. तो शंभर किलोमीटर पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकला, की पावसाची ठिकाणेही बदलतात.

वर जाणारी हवा थंड होते, तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात आणि त्या क्रियेत सुप्त उष्णता बाहेर पडते. ही उष्णता हवेला आणखी वर रेटते. अशा रीतीने फुलकोबीसारखा दिसणारा ढग पाहता पाहता बारा ते पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत चढून गर्जन्मेघाचे रूप घेतो. त्याच्या वरच्या भागात हिमकण असतात. हिमकण आणि गारांच्या घर्षणातून विद्युतभार निर्माण होऊन विजा चमकतात.

कधी कधी जमिनीपासून एक-दोन किलोमीटर उंचीवर कोरड्या, उबदार हवेचा थर असतो. भांड्यावरील झाकणाप्रमाणे तो खालची हवा दाबून धरतो. झाकण दिवसभर टिकले, तर नुसता उकाडा होतो. ते सायंकाळी अचानक सुटले, तर साठलेली सर्व ऊर्जा एकदम मोकळी होते आणि वादळ अधिक उग्र असते. दिवसभर निरभ्र वाटणाऱ्या आकाशातून सायंकाळी पाचच्या सुमारास अकस्मात अंधारून येते, त्यामागील एक कारण हे आहे.

एका गर्जन्मेघाचे आयुष्य साधारणपणे अर्धा ते एक तास आणि त्याचा विस्तार काही किलोमीटर इतकाच असतो. साहजिकच तो शहराच्या कोणत्या भागावर उभा राहील, हे चार दिवस आधी सांगणे आजच्या विज्ञानाला शक्य नाही. परिस्थिती अनुकूल आहे की नाही, एवढेच सात दिवसांचा अंदाज सांगू शकतो. सातही दिवस तेच वाक्य दिसते, त्याचा अर्थ इतकाच की सातही दिवस परिस्थिती अनुकूल आहे.

अंदाजातील शब्दांना मोजमाप असते

हवामानवृत्तातील ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ हे शब्द सहज योजलेले वाटले, तरी प्रत्येकामागे टक्केवारी आहे. एखाद्या विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर ‘तुरळक ठिकाणी’ म्हटले जाते. २६ ते ५० टक्के केंद्रांसाठी ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्क्यांसाठी ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतेक सर्व ठिकाणी’ अशी रचना असते. याचा अर्थ ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ या अंदाजात चारपैकी तीन किंवा त्याहून अधिक केंद्रे कोरडी राहणे अभिप्रेतच असते.

पावसाच्या जोरालाही अशीच मापे आहेत. सकाळी साडेआठ वाजता संपणाऱ्या २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास तो जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाल्यास अति जोरदार आणि त्याहून अधिक झाल्यास अत्यंत जोरदार मानला जातो. येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. हे वर्गीकरण २४ तासांचे आहे. दिवसभर रिमझिमत पडलेला ६० मिलिमीटर पाऊस आणि पाऊण तासात कोसळलेला ६० मिलिमीटर पाऊस हे दोन्ही तक्त्यात ‘मध्यम’ याच रकान्यात बसतात. गटारांसाठी मात्र त्यांत मोठी तफावत असते.

रंगांचे संकेतही याच प्रकारे वाचावयाचे असतात. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही. पिवळा रंग परिस्थितीवर लक्ष ठेवण्यास सांगतो, नारिंगी रंग सज्ज राहण्यास, तर लाल रंग तातडीने कृती करण्यास सांगतो. रंग ठरविताना पावसाच्या आकड्याबरोबरच त्याचा संभाव्य परिणामही विचारात घेतला जातो.

सात दिवसांच्या अंदाजाखेरीज हवामान विभाग पुढील तीन तासांसाठी तात्काळ अंदाज प्रसृत करतो. उपग्रह आणि रडारवर ढग दिसू लागल्यानंतरचा हा अंदाज असल्याने तो बराच नेमका असतो. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने राज्यभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले आहे. त्यामुळे कोणत्या भागात किती पाऊस पडतो आहे, याची माहिती अल्पावधीत मिळू शकते. विजांबाबत पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केले आहे.

पुण्याचा या विषयाशी असलेला संबंध जुना आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि १९४४ मध्ये ते दिल्लीला हलविण्यात आले. शिवाजीनगरमधील त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात.

पडलेले पाणी जाते कुठे?

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा कोटी लिटर पाणी जमा होते. म्हणजे अवघ्या १५ चौरस किलोमीटर क्षेत्रावरील तेवढा पाऊस, २०२४ च्या सुरुवातीस कावेरीतून शहराला दिवसभरात मिळणाऱ्या पाण्याहूनही अधिक भरतो.

बेंगळुरू उंचवट्यावर वसले आहे. शहरातून मोठी नदी वाहत नाही. वृषभावती, कोरमंगला-चल्लघट्टा आणि हेब्बाळ या खोऱ्यांतून पाणी वाहून जाते. पूर्वी या खोऱ्यांत उतरत्या क्रमाने तलाव बांधलेले होते आणि राजकालुवे नावाच्या मोठ्या कालव्यांनी ते एकमेकांस जोडलेले होते. वरचा तलाव भरला, की पाणी खालच्या तलावात जात असे. शहराची वाढ होत गेली तसे अनेक तलाव बुजले आणि कालवे अरुंद झाले. मोकळ्या मातीत मुरणारे पाणी काँक्रीटवरून थेट सखल भागाकडे धावू लागले. तेच काँक्रीट दिवसा उष्णता शोषते आणि रात्री ती बाहेर टाकते. उन्हाळ्यातील उकाडा आणि पावसातील पूर, या दोन्ही तक्रारींचे मूळ अशा रीतीने बऱ्याच अंशी एकच आहे.

२१ मे २०२३ रोजी दुपारी गारांसह वादळी पाऊस झाला. के. आर. सर्कल येथील भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात एक मोटार अडकली. मोटारीतील इतरांना वाचविण्यात यश आले. मात्र २२ वर्षांच्या एका संगणक अभियंता तरुणीचा मृत्यू झाला. त्या दिवशी पुराचा कोणताही मोठा इशारा नव्हता. पुढे पाणी किती खोल आहे याचा अंदाज न येता वाहन पुढे नेले गेले आणि अनर्थ घडला.

१९ मे २०२५ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत शहरात १०५.५ मिलिमीटर पाऊस झाला. साई लेआउटसारख्या सखल वसाहतींमध्ये घरांत पाणी शिरले आणि नागरिकांना नौकांमधून बाहेर काढावे लागले. एका इमारतीच्या तळघरातील पाणी पंपाने उपसताना विजेचा धक्का बसून दोघांचा, तर भिंत कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. त्या मे महिन्यात शहरातील एकूण पाऊस ३०० मिलिमीटरच्या पुढे गेला. मे महिन्याची सरासरी सुमारे १२८ मिलिमीटर आहे.

या तिन्ही घटनांतील मृत्यूंची कारणे पाहता, आकाशातून पडणाऱ्या पाण्यापेक्षा साचलेले पाणी, उघडी वीजवाहिनी आणि कमकुवत भिंत अधिक घातक ठरल्याचे दिसते. हे धोके टाळता येण्याजोगे होते.

वारा, वीज आणि घ्यावयाची काळजी

पावसाआधी येणारा गार वारा सुखद वाटतो. परंतु तोच वादळाचा पहिला इशारा असतो. ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूबाजूंना पसरते. तिचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. बेंगळुरूच्या रस्त्यांवरील जुन्या वृक्षांची मुळे पदपथ आणि गटारांच्या कामांमुळे अनेक ठिकाणी कमकुवत झाली आहेत. म्हणून अशा वेळी झाडाखाली थांबणे किंवा वाहन उभे करणे टाळावे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार, २०२२ मध्ये देशात वीज पडून २ हजार ८८७ जणांचा मृत्यू झाला. नैसर्गिक आपत्तींमधील एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तिनाने भागल्यास वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. हे अंतर ३० सेकंदांपेक्षा कमी असेल, तर पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत आश्रय घ्यावा आणि अखेरच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. गच्ची, मोकळे मैदान, तलावाचा काठ, एकटे झाड आणि पत्र्याची शेड ही ठिकाणे धोक्याची असतात.

उन्हाच्या वेळी दुपारी बारा ते तीन या काळात शक्यतो श्रमाची कामे टाळावीत, तहान नसली तरी पाणी पीत राहावे. चक्कर, उलटी किंवा संभ्रमावस्था जाणवल्यास रुग्णाला सावलीत नेऊन अंग थंड करावे व विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.

भरणीपासून मृगापर्यंत

महाराष्ट्रातील शेतकरी रोहिणी, मृग, आर्द्रा अशा नक्षत्रांनी पावसाचा हिशेब ठेवतो. कर्नाटकात हा हिशेब त्याही आधी, एप्रिलच्या मध्यास अश्विनीपासून सुरू होतो. अखेरच्या आठवड्यात भरणीचा पाऊस येतो आणि तो पिकांना विशेष हितकारक मानला जातो. कोडगू, चिक्कमगळूरू आणि हासन जिल्ह्यांतील कॉफीला फुलोऱ्यासाठी या सरी लागतात. कोलार आणि रामनगर भागात फळ पक्व होण्याच्या सुमारास येणाऱ्या पावसाला आंबेसरी म्हणतात. मात्र त्याच ढगातून गारा पडल्या, तर आंब्याचे नुकसान होते.

जूनच्या प्रारंभी मोसमी वारे दाखल होतात, आकाश ढगांनी व्यापते आणि बेंगळुरूचे कमाल तापमान ३० अंशांच्या खाली येऊ लागते. तोपर्यंतचे सहा आठवडे मात्र ऊन आणि वादळ यांच्या पाठशिवणीचे असतात. या काळात सात दिवसांच्या अंदाजावरून प्रवासाचा आणि कामांचा आराखडा आखावा, सकाळच्या इशाऱ्याचा रंग पाहून दिवसाची वेळ ठरवावी आणि सायंकाळी कार्यालयातून निघण्यापूर्वी पुढील तीन तासांचा अंदाज पाहावा. त्यात इशारा असेल, तर अर्धा-पाऊण तास थांबणे केव्हाही श्रेयस्कर. बहुतेक गर्जन्मेघांचे आयुष्य तेवढेच असते.